तिसरी पातळी

"ताई, हिचे बूट उलटे घातलेत," बिट्टीची आई म्हणाली.

शाळा सुटली होती. फाटकाच्या आतल्या पायरीवर मदतनीस ताई राजासमोर उकिडवी बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. एक झाली, मग दुसरी. मग तिने रुमाल काढून त्याची हनुवटी पुसली, दप्तर खांद्याला अडकवलं, पाण्याची बाटली गळ्यात घातली. राजा आभाळाकडे बघत उभा होता, राजाने उभं राहावं तसा. त्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बिट्टी बसली होती. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात, आणि दप्तराने आ वासलेला.

ताईने मान वर केली नाही. "घातले असते हो मी, पण आज तुम्हीच घाला. मोठे सर खिडकीत उभे आहेत. परवाच बोलणी खाल्लीत मी त्यांची. 'तुझा पगार राजाच्या नावावर येतो, बिट्टीच्या नाही,' म्हणाले."

"बुटाला कसला पगार, ताई?"

"मलाही तेच वाटतं. पण बोलणारे ते, ऐकणारी मी."

बिट्टीची आई खाली बसली आणि बूट बदलू लागली. हात बुटावर, डोळे मात्र पलीकडे. राजाची आई आली होती. नेहमीसारखी उशिरा, धापा टाकत, खांद्यावरची पिशवी सावरत. ताईने तिच्या हातात राजाचा हात दिला आणि रोजचा अहवाल दिला, "आज डबा अर्ध्याच्या वर संपवला. चित्रांच्या तासाला शांत होता. घंटेला ओरडला, पण थोडंच." राजाची आई "बरं, बरं" म्हणत होती. दिवसभराचं सगळं आयतं हातात पडतंय आणि बाई नुसतं बरं म्हणते, हे बिट्टीच्या आईला रोज ऐकावं लागायचं आणि रोज नव्याने लागायचं.

बिट्टीचा दिवस कसा गेला हे तिला कोणी सांगत नसे. वर्गशिक्षिकेला वेळ नव्हता. बिट्टी सात वर्षांची होती आणि तिच्याजवळचे शब्द एका मुठीत मावले असते. आई, पाणी, नको, दे, आणि स्वतःचं नाव. त्या मुठीतून दिवस कसा उलगडणार?

फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बायकांना नावं नसतात. कुणाची तरी आई एवढीच ओळख. बिट्टीच्या आईचं कॉलेज झालं होतं, एक वर्ष तिने मानसशास्त्रही घेतलं होतं. आपल्याला जे होतं त्याला काय म्हणतात, हे तिला नीट माहीत होतं. मत्सर तिला नवा नव्हता. मैत्रिणीच्या मार्कांवर जळून झालं होतं, जावेच्या मोठ्या घरावर जळून झालं होतं. पण ते चारचौघांत सांगता येण्यासारखं जळणं होतं, वर हसून साजरं करता येण्यासारखं. जिच्या मुलाला चमचा धरता येत नाही, घंटा वाजली की जो कानांवर हात ठेवून किंचाळतो, त्या बाईचा हेवा वाटतो हे सांगायचं कुणाला? शत्रूवरही येऊ नये असं दुखणं त्या बाईच्या वाट्याला आलं होतं, आणि हिच्या पोटात दुखत होतं ते नेमकं त्या दुखण्यावरून.

त्याच आठवड्यात बिट्टी वर्गातून निघून गेली. शिक्षिका फळ्याकडे वळली तेवढ्यात. सगळ्यांनी शाळा पालथी घातली, शिपाई पाण्याच्या टाकीत वाकून बघून आला. शेवटी ती रस्त्यापलीकडच्या गॅरेजात सापडली, एका उभ्या ट्रकच्या चाकाला पाठ टेकून बसलेली. ट्रक सुरू व्हायच्या बेतात होता.

मोठ्या सरांनी आईला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. टेबलावरचा चहा त्यांनी आधी तिच्याकडे सरकवला आणि मगच तोंड उघडलं.

"बाई, वर्ग भरून मुलं आहेत. एकटी शिक्षिका कुणाकुणाकडे बघेल?"

"मग हिच्यासाठी कुणी माणूस द्या, सर. राजाला आहे तसा."

"माणूस मी देत नाही, सरकार देतं. आणि सरकार मुलाला देत नाही, पातळीला देतं." त्यांनी टेबलावरच्या तीन वस्तू ओढून एका रांगेत मांडल्या, शार्पनर, डिंकाची बाटली आणि काचेचा पेपरवेट. "ही पहिली पातळी. आठवड्यातून एकदा फिरतीच्या बाई येतात, तासभर शिकवतात. ही दुसरी, अर्धा दिवस मदतनीस. आणि ही तिसरी. पूर्ण दिवस, पूर्ण पगार, थेट वरून. राजा इथे. तुमची मुलगी इथे." त्यांनी शार्पनरवर बोट ठेवलं. मग ते बोट उचललं नाही. "यंदापासून याचा निधी बंद झालाय."

"बंद म्हणजे?"

"ज्यांना गरज कमी, त्यांचं शाळेने आपापलं बघावं, असं वरून आलंय. म्हणजे मी बघायचं. आणि माझ्याकडे बघायला डोळे सोडून काही नाही." त्यांनी शार्पनर उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिला. "पुन्हा एकदा ती बाहेर गेली तर तिला इथे ठेवणं मला जमणार नाही. काही बरंवाईट झालं तर? विशेष मुलांची शाळा आहे, नाही असं नाही. पण लांब आहे. मुलांनी तिथेच राहायचं, घरी सुट्टीत."

बिट्टीची आई चहाच्या कपाकडे बघत राहिली. बिट्टी रात्री तिचा कान मुठीत धरून झोपायची. कान सोडवला की जागी व्हायची. वसतिगृहात कुणाचा कान धरेल?

"पुढच्या आठवड्यात पातळीची फेरतपासणी आहे," सर म्हणाले. "तपासनीस बाई त्याच, मागच्याच." मग आवाज उतरवून, खिडकीकडे बघत, "या खेपेला जरा... तयारी कमी करा."

मागच्या खेपेला तिने तयारी केली होती, ती दृष्ट लागावी अशी. तपासणी आहे म्हटल्यावर महिनाभर आधी अभ्यास सुरू. लाल ठोकळा लाल चौकोनावर, निळा निळ्यावर. कप कुठे, झाड कुठे, पक्षी कुठे. नाव काय तुझं? बिट्टी. पुन्हा. नाव काय? बिट्टी. त्या दिवशी नवा फ्रॉक, दोन वेण्या, नखं कापलेली. मुलाखतीला जाते तसं पोरीला सजवून नेलं होतं. तपासनीस बाई म्हणाल्या, "आईने फार मेहनत घेतलीय." ही तरंगत घरी आली. पुढे निकाल लागला, पहिली पातळी. कष्टाचं चीज होतं म्हणतात. हिच्या कष्टाचं असं चीज झालं.

तेव्हा नवरा म्हणाला होता, "अपील करू." तो लिफ्ट दुरुस्त करायचा. काहीही अडकलं की वरून एक खटका दाबायचा असतो, यावर त्याचा विश्वास होता.

"काय लिहू त्यात? आमची मुलगी तुम्हाला वाटली तेवढी हुशार नाही, असं?"

तो म्हणाला, "मग तू तिला एवढं शिकवलंसच कशाला?"

त्या वाक्यावर दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

राजाच्या आईबद्दल फाटकाशी कुजबुज होती. तपासणीच्या आदल्या रात्री तिने राजाला झोपूच दिलं नाही म्हणे. सकाळी उपाशी आणला म्हणे. "पोचलेली बाई आहे ती, तुम्हाला नाही जमायचं," असं एकीने बिट्टीच्या आईला सांगितलं होतं. बिट्टीच्या आईने ते लगेच खरं मानलं. खरं असतं तर फार बरं झालं असतं. हेव्याला असा एखादा खुंटा लागतो टेकायला.

बिट्टीची आई चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करायची. फेरतपासणीच्या चार दिवस आधी एक आजोबा आले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. तिने तक्ता बदलला. आजोबांनी पुन्हा तीच ओळ म्हटली.

"आजोबा, बाहेर बसल्या बसल्या पाठ केलीत ना?"

"घरी लेक चिडते. म्हणते, डोळे गेले तुमचे."

"ही परीक्षा पास व्हायची नसते हो. जितकं खरं चुकाल, तितका चांगला चष्मा मिळेल."

बोलून गेली आणि तिचे हात थांबले. आजोबांनी विचारलं, "काय झालं, पोरी?" ती म्हणाली, "काही नाही. आता हे वाचा."

आजोबा गेले आणि काचेचं दार ढकलून राजाची आई आत आली. तिच्या चष्म्याची एक काडी निखळली होती. चष्मा तिने तळहातावर धरला होता, जखमी पाखरू धरावं तसा.

"तुम्ही इथे असता होय? बरं झालं. राजाने ओढला. दुसरा नाहीये माझ्याकडे."

"बसा."

बिट्टीच्या आईने स्क्रू शोधायला घेतला. एवढासा स्क्रू, पण तिने डबी उगाच दोनदा चाळली. तपासणीचं विचारावं की नाही? विचारलं तर आपण उघड्या पडतो. न विचारलं तर पोर जाते. शेवटी चष्म्याकडेच बघत तिने विचारलं, "मागच्या तपासणीला तुम्ही काय केलं होतं हो?"

"कशाचं काय?"

"म्हणजे... राजाला तिसरी मिळाली ना. आमची फेरतपासणी आहे सोमवारी."

राजाची आई चष्म्याविना वेगळीच दिसत होती. डोळ्यांखाली काळं, नाकावर दोन लाल खुणा. ती हसली, पण फारसं नाही. "उपाशी ठेवलं होतं, असं म्हणतात ना फाटकाशी?"

"मी नाही म्हटलं."

"ऐकलंत तर खरं." तिने हाताने काउंटरची काच पुसली. "उपाशी होता हे खरं. सकाळचं दूध त्याने माझ्या अंगावर ओतलं होतं. दुसरं द्यायला वेळ नव्हता. बाकी मी काय करणार? त्या बाईंनी ठोकळे ठेवले, त्याने फेकले. मी होते काय, नव्हते काय, त्याला सारखंच. तो माझ्याकडे बघतच नाही. कधीच."

बिट्टीच्या आईने काडी जागेवर धरली. स्क्रू बसेना.

"तुमचा नंबर आमच्या आधी होता," राजाची आई पुढे म्हणाली. "दार उघडं होतं. मी बाकावरून बघत होते. तुमची पोर प्रत्येक ठोकळा ठेवते, वळते, तुमच्या तोंडाकडे बघते. तुम्ही एवढीशी मान हलवता. की पुढचा ठोकळा. पुन्हा वळते. पुन्हा मान. तुम्हाला कळतही नव्हतं बहुतेक. बाईंनाही नाही दिसलं, त्यांची पाठ होती तुमच्याकडे. मी मात्र सगळं बघितलं." ती थांबली. "राजाचा नंबर आला तेव्हा मी उठलेच नव्हते. शिपायाने दोनदा हाक मारली."

बिट्टीच्या आईने स्क्रू पुन्हा भोकावर धरला.

"सोमवारी मान हलवू नका," राजाची आई म्हणाली. "बस. पोरीला उपाशी नका ठेवू, काही नका करू. फक्त मान हलवू नका."

काडी बसली. बिट्टीच्या आईने चष्मा पुसून दिला. राजाच्या आईने तो चढवला, आरशात न बघताच. "किती झाले?"

"राहू दे. एक स्क्रू तर होता."

ती गेल्यावर बिट्टीच्या आईला खरं तर कीव यायला हवी होती. तिने वाट पाहिली. आली ती थोडीशीच, आणि तिच्या पाठोपाठ पुन्हा तेच. बघत नसेल तिचा मुलगा, पण ताई आहे ना दिवसभर. त्याला कुणी वसतिगृहात तर पाठवणार नाही.

सोमवारी तिने बिट्टीला दूध दिलं, केळं दिलं, साधा फ्रॉक घातला. केस नीट विंचरले. फसवणूक म्हणता येईल असं काहीही तिला करायचं नव्हतं. आपण फक्त बसून राहायचं. यात खोटं काय आहे? उलट मागच्या वेळी होतं ते खोटं.

तपासणी शाळेच्या वाचनालयात होती. एका ठेंगण्या टेबलाशी बिट्टी, समोर तपासनीस बाई, आणि बाईंच्या मागे भिंतीशी आईची खुर्ची. बाईंनी ठोकळे काढले, रंगीत चौकोनांचा पुठ्ठा पसरला.

"लाल कुठे ठेवशील, बाळ?"

बिट्टीने लाल ठोकळा उचलला आणि लाल चौकोनावर ठेवला. अगदी नीट, कडेला कड लावून. मग तिने मान वर केली आणि बाईंच्या खांद्यावरून आईकडे बघितलं.

आई समोरच्या कपाटाकडे बघत होती. कपाटात नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. मानेच्या मागे एक शीर ताठ झाली होती, ती तिने तशीच धरून ठेवली.

बिट्टी थांबली. घाई नव्हती तिला. आईला कधी कधी उशीर होतो, हे तिला माहीत होतं. थोड्या वेळाने तिने ठोकळ्याकडे बघितलं, पुन्हा आईकडे. मग तिने तो लाल ठोकळा उचलला आणि निळ्या चौकोनावर ठेवला. आईकडे बघितलं. पिवळ्यावर ठेवला. बघितलं. मग हिरव्यावर.

तपासनीस बाईंचं पेन चालू लागलं.

चित्रांचं पान आलं. "कप दाखव बरं." बिट्टीचं बोट सरळ कपावर गेलं. तिथे टेकलं, आणि डोळे वर आले. मग ते बोट हळूहळू कपावरून सरकलं, झाडावर गेलं, झाडावरून पक्ष्यावर, पानाच्या कडेपर्यंत जाऊन टेबलावर उतरलं. आईला ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. नकाशांच्या गुंडाळ्यांवर कुणीतरी निळ्या शाईने आकडे घातले होते, ते ती वाचू पाहत होती, आणि दुकानात नंबर काढणाऱ्या तिलाच एकही आकडा लागत नव्हता.

"नाव काय तुझं?"

"बिट्टी."

स्पष्ट म्हणाली. बाईंचं पेन थबकलं. बिट्टी आईकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ किंचित पुढे आला.

"नको," ती म्हणाली. मग अगदी हळू, स्वतःशीच, "बिट्टी नको."

बाईंनी चष्म्यावरून मागे वळून बघितलं. "मागच्या वेळी खूपच बरी होती हो ही. मला आठवतंय. मागे पडलीय का?"

आता सांगायचं तर हीच वेळ होती. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ऐकून घेतलं असतं. ठोकळे पुन्हा मांडले असते, बिट्टीने सगळे बरोबर ठेवले असते. आणि मोठ्या सरांनी ड्रॉवर उघडून दाखवला असता.

"हो," बिट्टीची आई म्हणाली.

निकाल लवकर लागला. तिसरी पातळी. मोठ्या सरांनी स्वतः फोन केला. आवाजात अशी काही उकळी होती की जणू पोरगी पहिली आली. शाळेला एक पूर्ण पगार मंजूर झाला होता. नवी ताई रुजू झाली. तरुण होती, हसरी होती, कामाला वाघ. बिट्टी एकदाही वर्गाबाहेर गेली नाही. संध्याकाळी आता बिट्टीच्या आईलाही अहवाल मिळू लागला. आज डबा सगळा संपवला. आज रांगेत उभी राहिली. आज 'ताई' म्हणाली, बरं का.

"बरं," बिट्टीची आई म्हणायची. "बरं, बरं."

फाटकाशी बायकांनी तिच्यासाठी जागा थोडी मोकळी सोडायला सुरुवात केली होती. एक दिवस पाठीमागून आलंच कानावर, "ही पण पोचलेलीच निघाली की." राजाची आई शेजारीच उभी होती. तिने वळून त्या बाईकडे एकदा बघितलं, एवढंच. मग दोघी आपापली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभ्या राहिल्या.

घरी ठोकळे होते. आईने ते एकदा काढले, जमिनीवर मांडले. बिट्टीने लाल ठोकळा हातात घेतला, फिरवून बघितला, आणि आईच्या मांडीवर ठेवून दिला. आई मान हलवत होती. "ठेव ना, सोन्या. लालवर ठेव." बिट्टी उठून खिडकीशी गेली.

एका सकाळी शाळेचं अंगण नुकतंच धुतलं होतं. पायरीखाली पाण्याचं तळं साचलं होतं, आणि ते ओलांडण्यासाठी कुणीतरी त्यात दोन विटा टाकल्या होत्या. फाटक बंद झालं होतं, पालकांनी बाहेर थांबायचं. बिट्टी ताईचं बोट धरून चालली होती. विटांशी आल्यावर ती थांबली. एक पाय उचलला, पहिल्या विटेवर टेकवला. मग थांबली आणि मान वर केली.

बिट्टीची आई फाटकाचे गज धरून उभी होती. तिने लगेच मान हलवली.

बिट्टीने ताईच्या तोंडाकडे बघितलं. ताई वर्गाच्या दारातल्या शिक्षिकेशी काही बोलत होती. बोलता बोलताच तिने खाली बघितलं आणि एवढीशी मान हलवली. बिट्टीने दुसरा पाय टाकला, मग पायरी चढली. व्हरांड्यातून दोघी वर्गात गेल्या.

"चला," राजाची आई म्हणाली. "उशीर होईल तुम्हाला दुकानात."

"हो, निघते," बिट्टीची आई म्हणाली. व्हरांडा रिकामा होता. तिची मान अजून हलत होती.